तीन गोळ्यांचा चकवा

पुण्याच्या परिसरात महाळुंगे नावाची दोन गावं आहेत आणि गेली सहा वर्षं माझा आठवडा या दोघांमध्ये वाटला गेला आहे. पहिलं खेड तालुक्यातलं, चाकणजवळचं, महाळुंगे इंगळे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी गुणवत्ता-नियंत्रण पाहतो. गाड्यांचे लहान-मोठे दंडगोल भाग लेथवर कापले जातात आणि ते ठरलेल्या मापात आहेत की नाहीत, हे पाहायचं माझं काम. दुसरं महाळुंगे मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीला लागून. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. माझी मुलगी तिथे रायफल नेमबाजीचा सराव करते. चाकणचा तळेगाव चौक मोकळा असेल तर एका महाळुंग्याहून दुसऱ्या महाळुंग्याला तासाभरात पोचता येतं. तुंबला असेल तर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. या लेखातला बराचसा विचार त्या चौकातच झाला आहे.

निमित्त मात्र टेक्सासहून आलं. माझा एक शाळासोबती तिथे स्थायिक झाला आहे. पिंपरीत आम्ही एका बाकावर बसायचो. हल्ली त्याला एक छंद लागला आहे. घराच्या गॅरेजमध्ये बसून तो रायफलची काडतुसं स्वतः भरतो आणि शनिवारी मैदानावर जाऊन झाडून पाहतो. मागच्या दिवाळीत त्याने मला एक फोटो पाठवला. एका कागदावर पाच लक्ष्यं, प्रत्येकावर तीन भोकं आणि प्रत्येकाखाली दारूचं वजन. पहिल्या लक्ष्यापासून पाचव्यापर्यंत वजन थोडं थोडं वाढवत नेलेलं. चौथ्या लक्ष्यावरची तीन भोकं जवळजवळ एकमेकांना चिकटली होती. खाली त्याने लिहिलं होतं, "सापडलं रे! हेच माप. तुझ्या धंद्यातलं आहे म्हणून पाठवतोय."

माझ्या धंद्यातलं होतंच. म्हणूनच उत्तर द्यायला मला वर्ष लागलं.

बार भरणे

स्वतःचं काडतूस स्वतः भरणं हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात ठासणीच्या बंदुका होत्या. शेतीराखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या काही आजही आहेत. ठासणीची बंदूक बाळगणारा प्रत्येक माणूस स्वतःचा बार स्वतः भरत असे. दारू किती, वरची चिंधी किती घट्ट, छरे किती, हे सगळं त्याच्या हाताला माहीत. 'फुसका बार' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत या हातांनीच आणला असावा.

आधुनिक काडतुसात हे सगळं एका पितळी पुंगळीत बंद झालं. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर, जुन्या बोलीतली टोपी. आत धूर न करणारी दारू. तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. चाप ओढला की टोचणी प्रायमरवर आपटते, ठिणगी दारूला लागते, वायूचा दाब गोळीला नळीत ढकलतो आणि नळीच्या आतल्या सर्पिल खाचा तिला गरगर फिरवत बाहेर सोडतात. एकदा झाडलेली पुंगळी फेकून न देता पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि नवी गोळी दाबायची, याला पुनर्भरण म्हणता येईल. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे कुणीही करू शकतं. दारू बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या गोळीला किती दारू, किमान किती आणि कमाल किती, याचे तक्ते छापतात. शहाणा माणूस किमानापासून सुरुवात करतो आणि कमालीची रेषा कधी ओलांडत नाही. दाब वाढला तर पुंगळी फुटते, आणि रायफलचा तो भाग नेमबाजाच्या गालाला टेकलेला असतो.

तक्त्यातल्या किमान आणि कमाल यांच्या मधल्या जागेत छांदिष्टांचं सगळं विश्व सामावलेलं आहे. दारू एक दशांश ग्रेनने वाढवून पाहायची. गोळी पुंगळीत किंचित आत किंवा बाहेर बसवून पाहायची, म्हणजे नळीतल्या खाचांपर्यंत तिला किती मोकळं अंतर कापावं लागतं ते बदलतं. पुंगळीच्या गळ्याची पकड सैल किंवा घट्ट करायची. पुंगळ्या वजनाप्रमाणे निवडायच्या. ग्रेन हे माप आपल्याला अपरिचित, पण सोनाराची गुंज आपल्याला ठाऊक आहे. एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. माझा मित्र ज्या फरकावर शनिवार-शनिवार खर्च करतो, तो गुंजेच्या विसाव्या भागाच्या आसपास आहे.

खडकीचा पंच

आपल्याकडे हा छंद नाही आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. दुसरं कारण तांत्रिक आहे. आपल्या ऑलिंपिक नेमबाजांची पन्नास मीटरची रायफल ०.२२ बोअरची असते. तिचं काडतूस १८८७ साली अमेरिकेत तयार झालं आणि मूळ रचनेत आजही तसंच आहे. त्यात वेगळी टोपी नसते. ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि टोचणी ती कड चेपते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. म्हणजे या खेळात जगातल्या कुणालाच, अगदी टेक्सासमधल्यालाही, काडतूस स्वतः भरण्याची सोय नाही. कारखान्यातून आलेल्या काडतुसांतून निवड करणं एवढंच हातात उरतं.

कारखाना हा शब्द माझ्यासाठी नुसता शब्द नाही. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ मध्ये सुरू झाली. लष्कराच्या लहान शस्त्रांची काडतुसं तिथे बनत आली आहेत आणि माझे वडील तिथे परीक्षक होते. कामाबद्दल ते घरी बोलत नसत. तशी शिस्तच होती. पण सवयी घरी येतात. बाजारातून आणलेल्या लिंबांतली दोन हातात घेऊन आई म्हणाली, "चांगली आहेत," तर ते म्हणायचे, "वरची दोन बघून लॉट पास करू नये." गो-नोगो गेज म्हणजे काय, हे मला शाळेत असताना त्यांनी बांगड्यांवर समजावलं होतं. एका मापाच्या बांगडीतून हात गेलाच पाहिजे, तिच्याहून एक नंबर लहान बांगडीतून जाताच कामा नये, म्हणजे मधला हात बरोबर.

काडतुसांचा सारखेपणा असा माणसांच्या हातांनी राखला जातो, आणि त्याची किंमतही माणसंच मोजतात. नेमबाजीच्या जगात ज्या नावाला मान आहे, त्या फिनलंडमधल्या लापुआ गावच्या काडतूस कारखान्यात १३ एप्रिल १९७६ रोजी स्फोट झाला आणि चाळीस माणसं गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्याकडे भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटाच्या बातम्या वाचकांच्या स्मरणात असतील. तिथे आठ कामगार दगावले. भोकं मोजणाऱ्या आम्हा लोकांनी अधूनमधून हेही आठवावं.

पाच मीटरचा फरक

सारखेपणाला एवढं महत्त्व का, हे एका साध्या गणिताने दिसतं. ०.२२ बोअरची स्पर्धेची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. ध्वनीच्या वेगापेक्षा हा वेग मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो. पन्नास मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२.५ सेंटिमीटर खाली ओढतं. रायफलची नेमाची पट्टी याचा हिशेब धरूनच लावलेली असते. आता समजा, एका काडतुसात दारू किंचित कमी पडली आणि गोळी सेकंदाला पाच मीटर हळू निघाली. ती थोडी उशिरा पोचते आणि सुमारे चार मिलिमीटर खाली लागते.

चार मिलिमीटर म्हणजे काय? पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. तेव्हा नेमबाजाचा नेम अगदी अचूक असूनही एका काडतुसाच्या मंदपणामुळे अर्धा गुण जातो. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. ते बालेवाडीच्या संकुलात तयार झालेले. त्या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आकड्यातलं ते '.४' पाहिलं की या खेळात अर्धा गुण किती मोठा असतो ते कळतं.

अंतर दुप्पट झालं की वेगातल्या फरकामुळे पडणारी ही उभी चूक चौपट किंवा त्याहून जास्त होते. म्हणून लांब पल्ल्यावर झाडणारे लोक दारू तोलण्याच्या मागे लागतात, आणि त्यांचं काही चूक नाही. सारखी दारू, सारख्या पुंगळ्या, सारख्या घडणीच्या गोळ्या यांचा फायदा खरा आहे. प्रश्न पुढचा आहे. सारखेपणा साधल्यावर, दोन मापांतलं कोणतं जास्त चांगलं हे ठरवायचं कसं?

हाडं कापणारा डॉक्टर

या प्रश्नाला आयुष्य वाहिलेला एक माणूस होऊन गेला. फ्रँकलिन मान हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले, वैद्यकाची पदवी घेतलेले गृहस्थ. कोंबड्यांच्या खाद्यासाठी ओली हाडं कापणारं यंत्र त्यांनी काढलं आणि त्यातून बऱ्यापैकी पैसा मिळवला. तो सगळा त्यांनी एकाच कुतूहलापायी खर्च केला: एकाच नळीतून, एकाच दारूने सुटलेल्या गोळ्या एकाच जागी का लागत नाहीत? माणसाचा हात आणि डोळा हिशेबातून काढून टाकण्यासाठी त्यांनी काँक्रीटचा एक अवजड चौथरा बांधला, त्यावर नळी आवळली आणि त्याला 'शूटिंग जिब्राल्टर' असं नाव दिलं. वाऱ्याचा त्रास नको म्हणून आडोसा केला. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरावर पातळ कागद टांगून ती कुठून कशी गेली, हे भोकांवरून वाचलं. गोळ्यांची बुडं मुद्दाम तासून, कुरतडून त्या किती भरकटतात ते पाहिलं. अनेक दशकांच्या या प्रयोगांचा वृत्तान्त १९०९ साली पुस्तकरूपाने निघाला.

मानसाहेबांच्या कामातला मला सगळ्यात भावणारा भाग म्हणजे ते अपयश लपवत नाहीत. काँक्रीटवर नळी बांधली, वारा अडवला, तरी गोळ्या पसरल्याच. पसरण्याची काही कारणं त्यांनी शोधली. पण सगळी कारणं काढून टाकली तरी थोडा पसारा उरतोच, हे त्यांच्या कागदांवर उघड दिसत होतं. त्या उरलेल्या पसाऱ्याचं गणित मांडणारे लोक मात्र वेगळ्या वाटेने आले.

तीन भोकं काय सांगतात

आता माझ्या मित्राच्या फोटोकडे वळू. समजा, त्याच्या पाचही मापांत काहीच फरक नाही. तीच रायफल, तीच गोळी, दारू कितीही असली तरी पसारा तोच. मग पाच लक्ष्यांवर तीन-तीन गोळ्या झाडल्यावर पाचही गट सारखे दिसतील का?

मुळीच नाही. गटाचं माप सहसा सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधल्या अंतराने सांगतात. तीन गोळ्यांच्या गटात हे अंतर सरासरीभोवती साधारण ३७ टक्के इकडेतिकडे होतं. याचा अर्थ असा की पाच गट झाडले, तर त्यातला सगळ्यात मोठा गट सगळ्यात लहान गटाच्या दुप्पट ते अडीचपट निघणं अगदी स्वाभाविक आहे. काहीही न बदलता! मित्राच्या कागदावर नेमकं तेच होतं. चौथं लक्ष्य नशिबाने चिकटलं होतं. ते दुसरं किंवा पाचवंही चिकटलं असतं, आणि मग "सापडलं रे" त्या मापाखाली लिहिलं गेलं असतं.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. गोळ्या जितक्या जास्त, तितका गट मोठा, कारण प्रत्येक नवी गोळी पसारा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. ज्या रायफलचा तीन गोळ्यांचा गट सरासरी १० मिलिमीटरचा पडतो, तिचाच पाच गोळ्यांचा गट १२.७ मिलिमीटरच्या आसपास आणि दहा गोळ्यांचा जवळपास १६ मिलिमीटरचा पडतो. रायफल बिघडत नाही. तिचा खरा स्वभाव हळूहळू दिसत जातो. म्हणूनच छांदिष्टांना तीन गोळ्यांचे गट आवडतात. त्यांत आपण चांगले दिसतो. आणि चौथी गोळी दूर गेली, तर "ती माझ्याकडून हलली" म्हणून ती हिशेबातून वगळण्याचा मोह कुणाला होत नाही?

चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेताला वळसे घालतो आणि आपण सरळ चाललोय असं त्याला वाटत राहतं, असं आजी सांगायची. तीन गोळ्यांचे गट पाहून दारू बदलणारा माणूस असाच फिरत राहतो. या शनिवारी चौथं माप उत्तम, पुढच्या शनिवारी दुसरं. मग तो गोळीची खोली बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

ऑफसेट मारणारा पोरगा

हा चकवा मी आधी कारखान्यात पाहिला होता. आमच्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा लेथवर होता. अतिशय प्रामाणिक. प्रत्येक पीस उतरला की तो मायक्रोमीटर लावायचा आणि पीस पाच मायक्रॉन मोठा आला, तर लगेच यंत्राला पाच मायक्रॉनचा उलटा ऑफसेट मारायचा. लहान आला तर सुलटा. एक दिवस तो रडवेला होऊन आला. म्हणाला, "साहेब, मी प्रत्येक पीस मोजतोय, करेक्शन मारतोय, तरी रिजेक्शन वाढतंय. शेजारचा काका काही मोजत नाही, त्याचं बरोबर येतंय."

शेजारचा काका काहीच मोजत नव्हता असं नाही. तो तासाला पाच पीस मोजायचा, त्यांची सरासरी तक्त्यावर मांडायचा आणि ठिपका ठरलेल्या दोन रेषांच्या बाहेर गेला तरच यंत्राला हात लावायचा. हा तक्ता अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. प्रत्येक प्रक्रियेत तिचा स्वतःचा एक पसारा असतो, त्याला कारण शोधू नये. त्या पसाऱ्याबाहेर काही गेलं तरच कारण शोधावं, हा त्याचा गाभा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत आपल्या देशाने ज्या थोड्या पाहुण्यांना बोलावलं, त्यांत पसारा मोजणारा एक माणूस होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

शूहार्ट यांचेच अनुयायी डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग व्याख्यानांत एक प्रयोग दाखवीत. टेबलावर एक खूण करायची, वर नरसाळं धरायचं आणि त्यातून गोट्या सोडायच्या. गोट्या खुणेभोवती पसरतात. आता प्रत्येक गोटी खुणेपासून जितकी चुकली, तितकं नरसाळं उलट्या दिशेला सरकवायचं. सुधारणाच करतोय ना आपण? पण पसारा कमी होण्याऐवजी सुमारे १.४ पट होतो. कारण प्रत्येक वेळी आपण यंत्राची चूक दुरुस्त करत नसून नुसत्या योगायोगाच्या मागे धावत असतो. त्या पोराला मी गोट्यांऐवजी वाटाणे आणि चहाची गाळणी घेऊन हे दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने ऑफसेट मारणं थांबवलं आणि रिजेक्शन उतरलं.

रायफलवर प्रत्येक गोळीनंतर पट्टीचे क्लिक फिरवणारा नेमबाज आणि प्रत्येक गटानंतर दारू बदलणारा माझा मित्र हे त्या पोराचेच भाऊबंद.

माझी चूक

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी स्वतः घसरलो, आणि तेही घरात.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या क्लबमार्फत स्पर्धेची काडतुसं घ्यायची होती. ०.२२ च्या जगात काडतुसांचे लॉट असतात. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच दारूच्या पिंपातून भरलेली काडतुसं म्हणजे एक लॉट. एकच रायफल एका लॉटवर खूश असते, दुसऱ्यावर नाराज. म्हणून मोठे नेमबाज इंग्लंडमधल्या एली किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी-केंद्रात जातात. तिथे रायफल पकडीत आवळून वेगवेगळ्या लॉटमधले दहा-दहा गोळ्यांचे अनेक गट झाडून पाहतात आणि आवडलेला लॉट उचलतात. पुनर्भरण करणारा जे मापाने साधायला जातो, ते इथे निवडीने साधायचं असतं.

आमच्यासमोर तीन लॉट होते. मी प्रत्येकातल्या पाच गोळ्या झाडायला लावल्या. गट आले १८, १५ आणि १२ मिलिमीटर. काडतुसं महाग, वेळ कमी. मी बारावाला लॉट उचलला आणि मुलीला म्हणालो, "आता काडतुसांचं निमित्त नाही हं. गुण वाढायलाच हवेत."

गुण वाढले नाहीत. दोन स्पर्धांत होते तिथेच राहिले, तिसऱ्यात थोडे उतरले. मी तिच्या श्वासाबद्दल बोललो, मनाच्या एकाग्रतेबद्दल बोललो, मोबाइलबद्दलही बोललो. तिने ऐकून घेतलं. मग एकदा गाडीत, तळेगाव चौकात अडकलेले असताना, ती म्हणाली, "बाबा, काडतुसं चांगली आहेत म्हणजे मीच वाईट आहे ना?"

त्या प्रश्नाने मला शुद्धीवर आणलं. जाणत्या प्रशिक्षकांची परवानगी काढून एका रविवारी दुपारी मी तीच रायफल पकडीत आवळून घेतली. तिन्ही लॉटमधली काडतुसं उरली होती. प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे चार गट झाडले, आणि लॉट आलटून-पालटून झाडले, म्हणजे दुपारचा वारा किंवा तापलेली नळी एकाच लॉटच्या नावावर जमा होऊ नये. सरासरी निघाली: पहिला लॉट १८ मिलिमीटर, दुसरा १९, तिसरा, म्हणजे माझा लाडका, १९. तिन्ही एकच. १८, १५ आणि १२ हे तीन आकडे एकाच पसाऱ्यातून आलेले होते. पाच गोळ्यांच्या गटात इतका फरक पडतोच, हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. वडील असते तर लिंबांचीच आठवण करून दिली असती.

मी नसलेली सुधारणा पाहिली आणि त्या भ्रमाचा हिशेब सतरा वर्षांच्या मुलीकडून वसूल केला. उत्तम दिवसानंतर सहसा साधारण दिवस येतो, वाईट दिवसानंतरही साधारणच येतो. शाबासकी आणि ओरडा यांचा त्यात वाटतो तितका हात नसतो. आपल्या घरांत, शाळांत, कारखान्यांत किती बोलणी या एका गोष्टीच्या अज्ञानातून खाल्ली जात असतील, कोण जाणे. त्या रविवारी संध्याकाळी मी तिला कागद दाखवले आणि माफी मागितली. तिने कागद बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "म्हणजे आता जे गुण येतात ते माझे आहेत?" मी म्हटलं, "हो. चांगलेही आणि वाईटही."

मग बदल करायचा कसा?

मित्राला मी अखेर काय लिहिलं, ते थोडक्यात सांगतो. कारण ते बंदुकीपुरतं नाही. लोणच्यातल्या मिठापासून औषधाच्या मात्रेपर्यंत कशालाही लागू पडेल.

एका वेळी एकच गोष्ट बदल. काय मोजणार आणि किती गोळ्या झाडणार, हे आधी कागदावर लिही. निकाल बघून थांबू नकोस. दोन मापं आलटून-पालटून झाड. दूर गेलेली गोळी मोज, तीही त्याच पेटीतली आहे. फक्त दोन टोकांच्या भोकांतलं अंतर न मोजता प्रत्येक भोक मध्यापासून किती लांब आहे, त्याची सरासरी काढ. त्यात प्रत्येक गोळीची साक्ष येते. आणि चांगलं दिसलेलं माप दुसऱ्या दिवशी, नव्याने, पुन्हा झाड. दुसऱ्यांदाही तेच जिंकलं, तर मग मान.

किती गोळ्या? मी हिशेब केला. एक माप दुसऱ्यापेक्षा ३० टक्क्यांनी चांगलं असेल, तर प्रत्येकी पंचवीसेक गोळ्यांत ते बऱ्यापैकी खात्रीने दिसेल. फरक २० टक्क्यांचा असेल, तर प्रत्येकी पंचावन्न. फरक १० टक्क्यांचाच असेल, तर प्रत्येकी दोनशेहून जास्त गोळ्या लागतील. अचूक रायफलची नळी काही हजार गोळ्यांत झिजते. म्हणजे दहा-दहा टक्क्यांच्या सुधारणा एकामागून एक सिद्ध करत बसलो, तर सत्य सापडेपर्यंत ज्या नळीबद्दलचं ते सत्य आहे ती नळीच संपलेली असेल. तेव्हा मोठे फरक शोध. उत्तम नळी, उत्तम गोळी, सारखी दारू. बाकीचा वेळ सरावाला दे.

त्याचं उत्तर आठवड्याने आलं. एक फोटो होता. या वेळी दोनच लक्ष्यं, प्रत्येकावर तीस-तीस भोकं. दोन्ही लक्ष्यांवर मधोमध मोठं, ओबडधोबड भगदाड पडलेलं, आणि डावं कोणतं, उजवं कोणतं हे नाव वाचल्याशिवाय कळू नये इतकी दोन्ही सारखी. चौथ्या मापाचं आणि दुसऱ्या मापाचं. खाली लिहिलं होतं, "दोन वर्षं गेली रे याच्यात." आणि त्याखाली थोड्या वेळाने, "पोरीला काय कळवू? तिचे गुण काय म्हणतात?"

मी त्याला तिचे मागच्या वर्षातले सगळे गुण पाठवले, एका ओळीत, तारखेनुसार, वाईट दिवसांसकट.